घंटीचा तास आणि तीन बोटं सावली

आमच्या शाळेत नववी-दहावीच्या मुलांना एक ऐच्छिक विषय घ्यावा लागतो. चित्रकला, संगीत, कॉम्प्युटर आणि चौथा माझा. वेळापत्रकात त्याचं नाव 'सांघिक ज्ञानस्पर्धा' असं भारदस्त आहे, पण मुलं त्याला घंटीवाला पीरियड म्हणतात. चार-चार मुलांचे संघ करायचे, वर्षभर तयारी करून घ्यायची आणि त्यातला सर्वांत चांगला संघ आंतरशालेय प्रश्नमंजूषेला न्यायचा, एवढं माझं काम. मूळचा मी भूगोलाचा. घंटी मागाहून चिकटली, तिलाही आता तेवीस वर्षं झाली.

आपल्या रायपूरच्या मराठी मंडळाच्या दिवाळी अंकासाठी 'तुमच्या तासाच्या गमतीजमती लिहा' असा निरोप आला. गमती आहेत, त्या आधी सांगतो. पण लिहायला बसलो आणि पेन एकाच गोष्टीपाशी येऊन थांबायला लागलं. ती गंमत नाही.

आधी घंटी म्हणजे काय ते सांगतो. तात्यापारा मोहल्ल्यातल्या एका इलेक्ट्रिशियनने दारावरच्या बेलची चार बटणं, चार रंगीत दिवे आणि एक कर्कश घंटी एका फळीवर बसवून दिली होती. चार संघ, चार बटणं. ज्याने आधी दाबलं त्याचाच दिवा लागतो, बाकीची बटणं मुकी होतात. प्रश्न अर्धा असतानाही दाबता येतं. त्याला आम्ही प्रश्न तोडणं म्हणतो. बरोबर आलं तर वाहवा, चुकलं तर गुण कापले जातात. त्यामुळे या खेळात नुसतं माहीत असून भागत नाही. विचारणाऱ्याच्या तोंडून कितव्या शब्दाला प्रश्न उघडा पडतो, ते ओळखावं लागतं. 'इस राज्य को धान का...' एवढ्यावर, पुढचा 'कटोरा' यायच्या आधीच, आमची मुलं 'छत्तीसगढ़' म्हणून मोकळी. एका पोराला तर इतकी घाई, की निवेदकाने घसा खाकरला आणि याने बटण दाबून 'चंद्रगुप्त!' सांगून टाकलं. प्रश्न बेडकाच्या हृदयाचा होता.

एक पालक डबाभर बदाम घेऊन आले होते. म्हणाले, "सर, लड़के का दिमाग तेज है, अंगूठा ही स्लो है. सुबह दें कि रात को?" मी हसलो नाही. त्या वर्षांत मलाही अंगठा फार महत्त्वाचा वाटत होता.

आता रजिस्टर. छत्तीसगढ नवं राज्य झालं, तेव्हा स्पर्धांना राज्यावरचे प्रश्न हवे होते आणि पुस्तकं तर निघालेली नव्हती. मग मी बसून चारेकशे प्रश्न काढले, नद्या, जंगलं, खाणी, सण. जाड रजिस्टरात दोन रकाने, डावीकडे प्रश्न, उजवीकडे उत्तर. दुसऱ्या शाळेच्या मास्तरांनी झेरॉक्स मागितली, मी दिली. त्यांच्याकडून तिसऱ्याने घेतली. पाच-सहा वर्षांनी एका स्पर्धेत निवेदकाच्या हातातल्या कार्डावर मला माझंच वाक्य ऐकू आलं, माझ्याच बोजड हिंदीसकट. छाती भरून आली. आपण लिहिलेलं राज्यभर फिरतंय! त्यात चूक असेल तर तीही राज्यभर फिरत असेल, हे काही तेव्हा सुचलं नाही.

चूक होती. प्रश्न असा: रायपुर में सूर्य ठीक सिर के ऊपर कब आता है? माझं उत्तर: २१ जून. भूगोलाच्या मास्तराने हे लिहावं! एकवीस जूनला सूर्य कर्कवृत्तावर डोक्यावर येतो, कर्कवृत्त छत्तीसगढमधून जातं आणि रायपूर ही छत्तीसगढची राजधानी. अशी तीन खरी वाक्यं जोडून मी एक खोटं तयार केलं. कर्कवृत्त राज्याच्या पार उत्तरेकडून जातं, रायपूर त्याच्या बरंच खाली आहे, हे मी दरवर्षी लाल खडूने फळ्यावर काढून दाखवत होतो. पण फळा वेगळा आणि रजिस्टर वेगळं. यादी करणाऱ्या माणसाला एकदा उत्तर सापडलं की तो मान वर करून बघत नाही.

मान वर करून बघितलं ते समताने.

समता रेल्वे क्वार्टरमधली. वडील सिग्नल विभागात, घराणं मूळ भंडाऱ्याकडचं. नववीत ती माझ्या तासाला आली. अंगठा बेताचा, पण प्रश्न फार. रजिस्टर कपाटातून आणून टेबलावर ठेवायचं काम तिने आपणहून घेतलं होतं आणि येता-येता त्यात डोकं घातलेलं असायचं. जुलैत एक दिवस मी पाठांतर घेत होतो. 'रायपुर में सूर्य...' म्हटलं, आणि संघाचा कप्तान हर्ष याने घंटी वाजवली. "इक्कीस जून!"

"नहीं सर," समता म्हणाली. "मई में आता है. नवतपा में."

नवतपा म्हणजे मेअखेरचे ते नऊ दिवस, ज्यात आमचं रायपूर तव्यासारखं तापतं. वर्ग हसला. हर्ष म्हणाला, "तेरे घर के ऊपर आता होगा!"

"हव, घर के ऊपर ही देखा मैंने," ती शांतपणे म्हणाली.

सुटीत तिची आई गच्चीवर कुरडया वाळवायची आणि कावळे हाकलायला हिला बसवायची. वाळू भरलेल्या डब्यात बांबूची काठी उभी करून तिला काळं फडकं बांधलेलं. बाराच्या सुमाराला काठीची सावली रोज आखडत जाते, हे तिला दिसलं. मग ती खडूने खुणा करायला लागली. नवतपा लागला तेव्हा बारा वाजता सावली डब्यातच बुडाली. काठी उभी आणि सावली नाही! ती इथेच थांबली नाही. पुढे जूनमध्ये सावली परत बाहेर आली, पण उलट्या बाजूला. "पहले टंकी की तरफ गिरती थी, अब पटरी की तरफ," ती म्हणाली. टाकी उत्तरेला, रेल्वेचे रूळ दक्षिणेला. वहीत तारखा होत्या आणि तारखेसमोर सावली किती बोटं ते.

आज माझ्या वर्गात कुणी अशी वही आणली तर मी तास सोडून तिच्या गच्चीवर जाईन. त्या दिवशी मी काय म्हणालो? त्या काळात माझं एक आवडतं वाक्य होतं, तेच म्हणालो. "समता, कार्ड पर क्या लिखा है?"

"इक्कीस जून."

"तो जवाब क्या है?"

ती खाली बसली. संध्याकाळी घरी मी नकाशा काढला. दहा मिनिटंसुद्धा लागली नाहीत. कर्कवृत्ताच्या दक्षिणेला असलेल्या प्रत्येक गावाच्या डोक्यावर सूर्य वर्षातून दोनदा येतो, एकदा उत्तरेकडे जाताना, एकदा परतताना. रायपूरला मेच्या शेवटी आणि मग जुलैच्या मध्यावर. मधल्या दिवसांत तो उत्तरेला असतो, म्हणून दुपारची सावली दक्षिणेला. पोरीने कावळे हाकलता-हाकलता अख्खा धडा बघितला होता.

मी रजिस्टर उघडलं आणि उत्तरापुढे पेन्सिलीने 'मई अंत, मध्य जुलाई' लिहिलं. थोडा वेळ बघत बसलो. मग खोडलं.

का खोडलं, हे मी स्वतःला पुष्कळ वेळा समजावलं आहे. राज्यभरच्या कार्डांवर एकवीस जून आहे. माझ्या मुलांनी खरं उत्तर दिलं तर ती चूक ठरतील. त्यांच्या भल्यासाठीच मी गप्प बसलो. हे सगळं मी खरं मानत होतो. पण त्याखाली एक बारीक गोष्ट होती. दुरुस्ती करायची म्हणजे ज्यांनी झेरॉक्स नेली त्या प्रत्येक मास्तराला फोन करून सांगायचं, की भूगोलाच्या माणसाला कर्कवृत्त कळलं नाही. बायकोने विचारलंसुद्धा, "तोंड काहून असं झालं तुमचं? पोट्टे हरले का?" मी म्हटलं, "नाही, अजून स्पर्धा कुठे झाली!"

स्पर्धा डिसेंबरात झाली. राज्याची अंतिम फेरी, पहिला येणारा संघ दिल्लीला जाणार. आमच्या संघात समताही होती, आणि चौघांपैकी एकानेही दिल्ली पाहिली नव्हती. हर्षच्या आईने लोकर आणून स्वेटर विणायलाही घेतलं होतं. शेवटच्या फेरीत दोन प्रश्न उरले, आणि आम्ही व दुसरी एक शाळा बरोबरीत.

इथे एक नियम सांगायला हवा. उत्तर चूक-बरोबर ठरवण्यावर आक्षेप असेल, तर संघाच्या शिक्षकाने हात वर करून 'आपत्ति' म्हणायचं. मुलांना तो हक्क नाही. आणि पुढच्या प्रश्नाचा पहिला शब्द उच्चारला गेला की शिक्षकाचाही हक्क संपला.

निवेदकाने कार्ड उचललं. "रायपुर में सूर्य..."

हर्षचा दिवा लागला. "इक्कीस जून!"

"बिलकुल सही!"

टाळ्या पडल्या. त्या गोंगाटात समता उभी राहिली. मला वाटलं, आनंदाने उभी राहिली. ती माईककडे वाकून म्हणाली, "सर, ये गलत है. हमारा जवाब गलत है."

निवेदक गमत्या माणूस होता. "बेटा, किस टीम से हो? अपनी ही टीम का विकेट ले रही हो!" सभागृह हसलं. हर्ष तिची ओढणी धरून खाली ओढत होता, "बैठ ना यार, बैठ!" ती बसली नाही. निवेदकाने मग प्रेक्षकांत बघितलं. "कोच साहब, कोई आपत्ति?"

मी तिसऱ्या रांगेत होतो. समता माझ्याकडे बघत होती. तिच्या नजरेत विनवणी नव्हती, एवढं मला अगदी स्पष्ट आठवतं. कपाटातून रजिस्टर आणून ठेवल्यावर ती जशी माझ्याकडे बघायची, आता सर बोलतील अशी, तशीच बघत होती.

मी उभा राहून म्हणालो, "नहीं सर. बच्ची घबरा गई है."

पुढचा प्रश्न सुरू झाला. तो कुणालाच आला नाही. आम्ही जिंकलो.

परतताना शाळेच्या गाडीत पोरं घसा फाडून गात होती. समता माझ्या शेजारी येऊन बसली. हळू आवाजात म्हणाली, "सर, रजिस्टर में पेंसिल से लिखके मिटाया है. मई अंत. दबा हुआ दिखता है. वो आपने लिखा था न?"

मी खिडकीबाहेर बघत म्हटलं, "आज सब खुश हैं, तू भी खुश रह."

"मैं घबराई नहीं थी, सर," ती म्हणाली, आणि उठून मागे गेली.

दिल्लीला ती आली नाही. घरी अडचण आहे असं सांगितलं. तिच्या जागी दुसरा मुलगा घेतला आणि आम्ही पहिल्याच फेरीत बाहेर पडलो. दहावीला तिने ऐच्छिक विषय बदलून संगीत घेतलं. आमच्या शाळेच्या हार्मोनियमचे चार सूर तेव्हा मुके होते. तरीही तिने तेच घेतलं.

त्यानंतरचं वर्ष मी विसरू शकत नाही. तास व्यवस्थित चालला होता, दिवे लागत होते, घंटी वाजत होती. फक्त मला कुणी काही विचारेना. सर्वांना कळलं होतं, की इथे उत्तरं द्यायची असतात. सहा महिने मी ते सहन केलं. मग एक दिवस पट्टी घेऊन रजिस्टरच्या प्रत्येक पानावर तिसरा रकाना आखला: 'कैसे पता?' कुणी पाहिलं, कुठे वाचलं, कुणाला विचारलं. तो रकाना रिकामा असेल तो प्रश्न विचारायचा नाही. चारशेतले शंभरावर प्रश्न पहिल्याच महिन्यात अडकले. मुलांना त्यात भलतीच मजा येऊ लागली. एक संघ महादेवघाटावर जाऊन खारून नदी कुठल्या दिशेला वाहते ते बघून आला. एका मुलीने पुरानी बस्तीतल्या सगळ्या देवळांची दारं कुठे तोंड करून आहेत ते मोजलं, तेही कुणी न सांगता. आमचे अंगठे मंदावले. त्यानंतर आम्ही राज्यात एकदाच दुसरे आलो. मुख्याध्यापक म्हणतात, "सर, आपका पीरियड तो पूछताछ केंद्र हो गया है." मला ते ऐकून बरं वाटतं.

रजिस्टरातलं एकवीस जून काढून 'मई अंत, मध्य जुलाई' लिहिलं. मास्तरांना फोनही केले, जे सापडले त्यांना. एकजण म्हणाले, "जाने दो सर, बच्चे कौन सा सूरज देखने जाते हैं." आयोजक संस्था तोवर बंद पडली होती. हर्ष आता पुण्यात नोकरीला आहे. त्याला सगळं सांगितलं तर तो खूप वेळ हसला. मग थांबून म्हणाला, "सर, वो ओढ़नी मैंने खींची थी. वो भी गलत था न?"

राहिली समता. तिला गाठायला मला बारा वर्षं लागली, आणि ती काही लांब नव्हती. या उन्हाळ्यात तिची आई भाजीबाजारात भेटली. मी ओळख दिली.

"अहो, तुमाले कोन इसरन, सर!" ती म्हणाली. "ते आता अभनपूरले हाय. लॅबमंदी रक्त तपासते. दोन-दोनदा तपासते म्हनून तिचे साहेब कावतात." मग वांगी पिशवीत टाकता-टाकता म्हणाली, "तुमची घंटी सोडली न तिनं, तवापासून कुरडयाईपाशी बसलीच नाही. म्हने, कावळ्याईले खाऊ दे. मले तं समजलंच नाही काहून."

मी नंबर घेतला. फोनवर मी जे बोललो ते इथे लिहीत नाही, कारण ते फार लांबलचक आणि गोंधळलेलं होतं. तिने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "सर, इक्कीस जून को छुट्टी है क्या स्कूल की?"

त्या दिवशी योगदिन, सगळी शाळा हजर. सकाळची आसनं आटोपल्यावर माझ्या तासाच्या मुलांना मी मैदानात थांबवलं. पाच फुटांची काठी वाळूच्या बादलीत रोवली. आभाळात ढग होते, मधूनमधून ऊन. पावणेबाराला समता स्कूटीवरून आली. अंगाने भरली आहे, चष्मा लागला आहे. नमस्कार-चमत्कार काही नाही, सरळ काठीपाशी गेली, एक डोळा मिटून बघितलं आणि म्हणाली, "टेढ़ी है, सर." पर्समधून दोरा काढला, टोकाला स्कूटीची किल्ली बांधली आणि काठी ओळंब्यात आणली. सिग्नलवाल्याची मुलगी!

बारा वाजता ऊन पडलं. काठीच्या बुडापासून सावली निघाली होती, तीन बोटं, दक्षिणेला. सूर्य डोक्यावर असता तर ती असायलाच नको होती. पोरं गुडघ्यांवर बसून बघत होती. मी त्यांना सगळं सांगितलं. प्रश्न कुणी लिहिला, चूक कुणाला कळली, ती कोण, पेन्सिलीने काय लिहिलं, ते कुणी खोडलं आणि भर सभागृहात कोण कुणाला घाबरलेली म्हणालं. 'मी' हा शब्द गाळून सांगायचा मोह प्रत्येक वाक्याला होत होता. मग मी हात वर केला, स्पर्धेत करतात तसा, आणि समताकडे बघून म्हटलं, "आपत्ति है."

ती घड्याळाकडे बघत म्हणाली, "अगला सवाल तो कब का शुरू हो गया, सर."

मुलं हसली, तिलाही थोडं हसू आलं. माझा हात वरच होता. तो कसा खाली घ्यावा ते कळेना.

"हाथ नीचे कीजिए, सर," ती म्हणाली. "अगला सवाल सुनिए. जुलाई वाला किसी ने देखा है?"

कुणीच पाहिलं नव्हतं. मी नाही, तिनेही नाही. जुलैच्या मध्यावर रायपूरवर ढगांचं झाकण असतं. तिच्या नववीच्या वहीतही त्या पानावर नुसतं 'बादल, बादल, बादल' लिहिलेलं होतं.

ती वही तिने बरोबर आणली होती. आमच्या रजिस्टरच्या तिसऱ्या रकान्यात 'मई अंत' पुढे तिने स्वतःच्या अक्षरात लिहिलं: 'गच्चीवर पाहिलं, कुरडया राखताना.' मराठीत लिहिलं. बोलते सगळं हिंदीत, पण हे मराठीत लिहिलं.

जुलैत आम्ही नऊ दिवस बादली मांडली. ती अभनपूरहून रोज बाराला फोन करायची, "निकला क्या?" सहाव्या दिवशी बाराला पाच कमी असताना ऊन पडलं आणि पोरं ओरडत धावली. ती काठीपर्यंत पोचेपर्यंत ढग परत आला. एक मुलगा शपथेवर सांगत होता, की सावली नव्हती. त्याला मी रजिस्टर देऊन म्हटलं, "लिही." त्याने पेन उचललं, काठीकडे बघितलं, आभाळाकडे बघितलं आणि पेन परत ठेवलं.

'मध्य जुलाई' पुढचा रकाना अजून रिकामा आहे. हिशेबाने तारीख मला ठाऊक आहे, पण ती मी तिथे लिहिलेली नाही. पुढच्या जुलैत समता सुटी काढून येणार आहे.